तिकिटाचे पैसे कोणी दिले? स्टार्मर, आर्सेनल आणि स्टँडमधलं भांडण

रविवार, १५ सप्टेंबर २०२४. टॉटनहॅमच्या मैदानावर उत्तर लंडनची डर्बी, म्हणजे आर्सेनल आणि टॉटनहॅम या शेजारी क्लबांमधला सामना. ६४व्या मिनिटाला कॉर्नरवर गाब्रिएलने हेडर मारला आणि आर्सेनलने सामना १-० असा खिशात घातला. टॉटनहॅमच्या घरात जाऊन जिंकणं यापेक्षा मोठं सुख आर्सेनलच्या चाहत्याला नसतं. पण त्याच सकाळी ‘संडे टाइम्स’मध्ये बातमी आली होती. पंतप्रधान किअर स्टार्मर यांच्या पत्नीच्या कपड्यांचा खर्च मजूर पक्षाचे देणगीदार लॉर्ड वहीद अली यांनी केला होता आणि संसदेच्या नोंदवहीत त्याची नोंद वेळेत झाली नव्हती. पुढच्या काही दिवसांत विषय कपड्यांवरून चष्म्यांवर आणि चष्म्यांवरून फुटबॉलच्या तिकिटांवर आला. तिकिटांवर आल्यावर मात्र एरवी राजकारणाच्या बातम्यांकडे पाठ फिरवणारी माणसंही त्यात उतरली, कारण तिकीट म्हणजे काय असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

स्टार्मर आर्सेनलचे खरे चाहते आहेत, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. वर्षानुवर्षं सीझन तिकीट, म्हणजे अख्ख्या हंगामाचं तिकीट, काढून ते स्टँडमध्ये बसत आले होते. स्वतःही हौसेने फुटबॉल खेळायचे. हे इथे आधीच सांगून ठेवतो, कारण या प्रकरणाची कळ त्यातच आहे. २०१५ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरॉन भाषणाच्या ओघात लोकांना वेस्ट हॅम या क्लबला पाठिंबा द्यायला सांगून गेले होते. ते तर स्वतःला अ‍ॅस्टन व्हिलाचे चाहते म्हणवत. त्यांना लोक हसले आणि विसरले. परक्याकडून कोणी हिशेब मागत नाही. स्टार्मर घरातले होते, म्हणून त्यांच्याकडे घरातल्या माणसाकडे मागतात तसा हिशेब मागितला गेला.

आता आकडे. स्काय न्यूजने संसदेच्या नोंदी तपासून मांडलेल्या हिशेबानुसार डिसेंबर २०१९ पासून स्टार्मर यांनी १,०७,१४५ पौंडांच्या भेटी आणि पाहुणचार जाहीर केला होता. इतर कोणत्याही खासदाराचा आकडा याच्या जवळपासही नव्हता. लॉर्ड अलींकडून १६,२०० पौंडांचे कामाचे कपडे आणि २,४८५ पौंडांचे चष्मे आले होते. निवडणुकीच्या काळात अलींची जागा वापरायला मिळाली, तिची किंमत २० हजार पौंडांच्या घरात लावलेली होती. मुलाची शालान्त परीक्षा होती, घराबाहेर पत्रकारांचा आणि निदर्शकांचा राबता, त्याला अभ्यासाला निवांत जागा हवी होती, असा त्याचा खुलासा स्टार्मर यांनी केला. हा खुलासा मला पटतो. परीक्षेला बसलेल्या मुलाच्या बापाला कोणीही समजून घेईल. उरलेल्या यादीत फुटबॉलची तिकिटं होती, आणि प्रीमियर लीगने, म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगने, दिलेली गायिका टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमाची ४,००० पौंडांची चार तिकिटं होती. या शेवटच्या नोंदीकडे मी पुन्हा येणार आहे.

नियम साधा आहे. खासदाराने ३०० पौंडांवरची भेट २८ दिवसांत नोंदवायची. पत्नीच्या कपड्यांची नोंद उशिरा झाली हा दोष खरा. पण बाकीचा सगळा तपशील स्टार्मर यांनी स्वतःच उघड केलेला होता, आणि म्हणूनच लोकांना तो बेरीज करून मांडता आला. चोरून काही घेतलेलं नव्हतं. मग एवढं रान का पेटलं?

त्यासाठी त्याच उन्हाळ्यात मागे जावं लागतं. ४ जुलैला मजूर पक्ष मोठ्या बहुमताने निवडून आला. २९ जुलैला अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी जाहीर केलं की हिवाळ्यात घर तापवण्यासाठी पेन्शनरांना मिळणारे २०० ते ३०० पौंड यापुढे सरसकट मिळणार नाहीत. पेन्शन क्रेडिट किंवा तत्सम मदत घेणाऱ्या गरीब वृद्धांनाच मिळतील. सुमारे एक कोटी लोकांचा हा आधार गेला. १० सप्टेंबरला संसदेच्या कॉमन्स सभागृहात ३४८ विरुद्ध २२८ मतांनी तो निर्णय टिकला. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी कपड्यांची बातमी आली.

या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या त्या पाच दिवसांमुळे. मधे दोन महिने गेले असते तर बहुधा इतकं झालं नसतं. पण आता कोणालाही पाटीवर गणित मांडता येत होतं. १६,२०० पौंडांच्या कपड्यांत ३०० पौंडांप्रमाणे ५४ म्हाताऱ्यांचा हिवाळा निघतो. पूर्ण नवी सरकारी पेन्शन तेव्हा आठवड्याला २२१.२० पौंड होती, म्हणजे चष्म्यांची किंमत अकरा आठवड्यांच्या पेन्शनहून जास्त. आणि फुटबॉलच्या मापात बोलायचं तर प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी तिकिटाची कमाल किंमत २०१६-१७ पासून ३० पौंड आहे. संघ हंगामात लीगचे १९ सामने बाहेर खेळतो. चष्म्यांच्या पैशांत एका माणसाची चार हंगामांतल्या बाहेरच्या सगळ्या सामन्यांची तिकिटं निघाली असती आणि वर पैसे उरले असते. ही गणितं अर्थशास्त्र म्हणून फारशी कामाची नाहीत. अलींचे पैसे खासगी होते, ते सरकारी तिजोरीतून गेले नव्हते, आणि स्टार्मर यांनी चष्मे नाकारले असते म्हणून कोणाच्या घरातला हीटर पेटला नसता. तरी ती लोकांच्या तोंडी बसली, कारण चाहता पैसा असाच मोजतो. गाडीचं भाडं, तिकीट, पोराची जर्सी, आणि महिनाअखेरीला काय उरलं ते.

इंग्लंडच्या स्टँडमध्ये पैशाचा विषय २०२४ मध्ये आधीच तापलेला होता, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्या वर्षी मार्चमध्ये टॉटनहॅमने ज्येष्ठांना सीझन तिकिटावर मिळणारी सवलत नव्या लोकांसाठी बंद करायची आणि ज्यांना मिळते त्यांचीही टप्प्याटप्प्याने कमी करायची असं ठरवलं. त्याविरोधात ‘सेव्ह अवर सीनियर्स’ ही चळवळ उभी राहिली. म्हणजे उत्तर लंडनमधल्या एखाद्या सत्तरीच्या टॉटनहॅमवाल्याच्या सवलतीला क्लबने मार्चमध्ये कात्री लावायचं ठरवलं आणि हिवाळ्याचे पैसे सरकारने जुलैत काढून घेतले. वयाची पन्नास वर्षं ज्या स्टँडमध्ये गेली तिथे बसायचं की घर उबदार ठेवायचं, असा हिशेब त्याला करावा लागला असेल तर त्या माणसापुढे पक्षाचं नाव घेऊन काही समजावता येत नाही. इथे आर्सेनल-टॉटनहॅम वैर मला गौण वाटतं.

पंतप्रधान झाल्यावर स्टार्मर स्टँडमध्ये बसू शकत नव्हते. आर्सेनलने त्यांना वरच्या, बंदोबस्त ठेवता येईल अशा पाहुण्यांच्या जागी बसवायची तयारी दाखवली. त्यांनी ती स्वीकारली. विचारल्यावर त्यांचं म्हणणं असं होतं: मी आर्सेनलचा भक्त आहे, सुरक्षेमुळे स्टँडमध्ये जाता येत नाही, तिथे बसायचंच तर पोलिसांचा खर्च करदात्यावर पडेल, पाहुणचार घेतला नाही तर सामनाच पाहता येणार नाही, आणि कायमचं आर्सेनल सोडायला सांगणं जरा अतीच झालं.

हा युक्तिवाद फेकून देण्यासारखा नाही. गच्च भरलेल्या स्टँडमध्ये पंतप्रधानाला बसवायचं तर आजूबाजूच्या रांगा, जिने, दारं सगळं पहारा देऊन राखावं लागेल. आणि शेजारी बसणाऱ्यांनी काय पाप केलं? दर शनिवारी एकाच खुर्चीवर, त्याच चार ओळखीच्या माणसांत बसणाऱ्याला पंतप्रधानाच्या निमित्ताने झडती द्यावी लागली तर तो पहिल्याच सामन्याला वैतागेल.

पण आर्सेनलच्या मैदानाची, एमिरेट्सची, बांधणी डोळ्यांसमोर आणा. खाली पहिला मजला, सगळ्यात वर उतरता वरचा मजला, आणि या दोहोंच्या मधे मैदानाला कड्यासारखा वेढा घालणारा क्लब लेव्हल, गुबगुबीत खुर्च्यांचा. त्याच्या डोक्यावर काचेमागच्या बॉक्सची रांग. साठ हजारांच्या मैदानात खालून मान वर केली किंवा वरून खाली वाकून पाहिलं तरी हा मधला पट्टा दिसतोच. मध्यंतरानंतर खेळ सुरू झाला तरी तिथल्या काही खुर्च्या रिकाम्या असतात, माणसं आत जेवणावर असतात. सामान्य चाहत्याच्या मनात या पट्ट्याबद्दल जुनी अढी आहे. स्टार्मर त्या पट्ट्याच्या बाजूला गेले. सुरक्षेसाठी गेले, कबूल. पण गेले ते पदरचा पैसा न देता.

भांडण कुठे फुटलं ते आता बघू. सोपा अंदाज असा की मजूर पक्षाचे चाहते बाजूने आणि हुजूर पक्षाचे विरोधात. काही प्रमाणात तसं झालंही. एका बाजूने बोरिस जॉन्सन यांचं प्रकरण पुढे आलं. डाउनिंग स्ट्रीटवरच्या घराच्या सजावटीसाठी देणगीदाराचा पैसा वापरला गेला, आणि देणगीची नोंद नीट न केल्याबद्दल निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये हुजूर पक्षाला १७,८०० पौंड दंड केला होता. त्याच्यापुढे चष्मे ते काय? दुसऱ्या बाजूचं उत्तरही तयार होतं: जॉन्सनना नैतिकता शिकवूनच तर तुम्ही सत्तेवर आलात. या प्रकारच्या वादातून काही हाती लागत नाही, ‘तुझा चोर मोठा की माझा’ एवढंच चालतं.

खरी फूट मजूर पक्षाच्या चाहत्यांतच होती, आणि आर्सेनलच्या बाबतीत ती जास्त दुखरी होती. क्लबचं घर इस्लिंग्टनमध्ये. तिथल्या इस्लिंग्टन नॉर्थमधून जेरेमी कॉर्बिन १९८३ पासून निवडून येत आहेत, आणि तेही आर्सेनलचेच. स्टार्मर यांच्या पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली, ते अपक्ष उभे राहिले आणि जुलै २०२४ मध्ये जिंकले. म्हणजे एकाच लाल जर्सीत दोन नेते आणि दोन नेत्यांची माणसं. साधेपणासाठी ओळखले जाणारे कॉर्बिन एकीकडे आणि देणगीदाराच्या पैशाचे कपडे घालणारे स्टार्मर दुसरीकडे, ही तुलना करायला कोणाला शिकवावं लागलं नाही. ती पूर्ण न्याय्य होती असं मला वाटत नाही, कारण कॉर्बिन यांना पंतप्रधानाचा पहारा सांभाळायचा नव्हता. पण तुलना टाळता येण्यासारखीही नव्हती.

मतांतल्या या फुटीखाली मला आणखी एक फूट दिसते, ती पैसे भरण्याच्या सवयीची. वर्षानुवर्षं स्वतःच्या कमाईतून सीझन तिकीट भरणारा चाहता त्या भरण्याकडेच इमान म्हणून पाहतो. हरलो, सातवे आलो, प्रशिक्षक बदलला, तरी पैसे भरले. २०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या मालकांनी सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांवर न्यायचं ठरवलं तेव्हा सुमारे दहा हजार लोक संडरलँडविरुद्ध ७७व्या मिनिटाला उठून बाहेर गेले. संघ तेव्हा २-० ने पुढे होता. ती माणसं बाहेर पडल्यावर सामना २-२ झाला, आणि काही दिवसांत मालकांनी निर्णय मागे घेतला, माफीही मागितली. तिकिटाच्या किमतीसाठी जिंकता सामना सोडून जाणाऱ्या या जमातीला फुकट बॉक्सचं समर्थन ‘नियमात बसतं’ म्हणून पटवता येत नाही. पंतप्रधानाचा पगार तेव्हा खासदारकीचा धरून सुमारे १,६७,००० पौंड होता. जागा क्लब देईल तिथे बसा, पण सीझन तिकिटाएवढे तरी पैसे भरा, ही अपेक्षा काही अवाच्या सवा नव्हती.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: मिंधेपणा. लाच घेतली असं कोणी म्हणत नाही, काम करून दिलं असंही नाही. पण घेतलं की मान खाली जाते. तुकडा लहान की मोठा याने फरक पडत नाही. स्टार्मर स्वतः सरकारी वकिलांचे प्रमुख राहिलेले, कायद्याच्या चौकटीत विचार करणारे. त्यांनी ‘नियम मोडला का?’ या प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा दिलं. समोरचे विचारत होते, ‘तुम्ही कोणाचे मिंधे झालात?’

दबाव वाढत गेला. २० सप्टेंबरला जाहीर झालं की स्टार्मर, उपपंतप्रधान अँजेला रेनर आणि रीव्हज यापुढे कपड्यांसाठी देणग्या घेणार नाहीत. लिव्हरपूलमधल्या पक्षाच्या अधिवेशनात २५ तारखेला प्रतिनिधींनी हिवाळी पैशांची कपात मागे घ्या असा ठराव केला, सरकारला बंधनकारक नसलेला. २८ तारखेला खासदार रोझी डफिल्ड यांनी याच भेटींचा आणि त्या कपातीचा उल्लेख करत पक्ष सोडला. २ ऑक्टोबरला स्टार्मर यांनी पंतप्रधान झाल्यावर घेतलेल्या काही भेटींचे ६,००० पौंडांहून जास्त पैसे परत केले. त्यात टेलर स्विफ्टची सहा तिकिटं, डॉनकास्टरच्या घोड्यांच्या शर्यतींची चार तिकिटं आणि पत्नीचे भाड्याने घेतलेले कपडे होते.

आर्सेनलचा पाहुणचार त्या यादीत नव्हता. निवडणुकीआधी प्रीमियर लीगकडून घेतलेली स्विफ्टची ती चार तिकिटंही नव्हती.

आणि इथे या प्रकरणातली माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते, जिच्यावर चाहते फारच कमी भांडले: फुटबॉलवर नेमायच्या नियामकाची. कपड्यांवर आणि चष्म्यांवर जेवढा श्वास खर्च झाला त्याचा दहावा हिस्साही इथे झाला नाही. २०१९ मध्ये ‘बरी’ (Bury) नावाचा जुना क्लब पैशाअभावी लीगमधून काढला गेला. एप्रिल २०२१ मध्ये सहा बड्या इंग्लिश क्लबांनी युरोपियन सुपर लीगचा, म्हणजे बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेचा, डाव मांडला आणि चाहत्यांनी रस्त्यावर येऊन तो दोन दिवसांत हाणून पाडला. त्या सहांत आर्सेनलही होतं. त्यानंतर माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालच्या, चाहत्यांना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या पाहणीने फुटबॉलवर स्वतंत्र नियामक नेमा असं सुचवलं. हुजूर सरकारने मार्च २०२४ मध्ये तसं विधेयक आणलं, निवडणुकीमुळे ते बारगळलं, आणि २४ ऑक्टोबर २०२४ ला मजूर सरकारने नव्याने मांडलं. ज्यांनी ते आधी आणलं तेच हुजूर पक्षवाले विरोधात बसल्यावर त्याच्या विरोधात गेले.

प्रीमियर लीगला हा नियामक आपल्या अंगावर नको होता, निदान इतका जोरकस नको होता. आर्सेनल हा त्याच्या कक्षेत येणारा क्लब. म्हणजे ज्यांच्यावर लगाम घालायचा त्यांच्याकडूनच, लगाम कोणत्या लांबीचा हे ज्यांच्या सरकारला ठरवायचं त्या नेत्याला तिकिटं. अली यांच्या चष्म्यांत सामान्य चाहत्याचं थेट नुकसान काहीच नव्हतं. इथे होऊ शकलं असतं, आणि ते त्याच्याच खिशातून गेलं असतं.

प्रामाणिकपणे हेही नोंदवायला हवं की विधेयक त्यामुळे सौम्य झालं असं दिसत नाही. उलट मजूर सरकारच्या मसुद्यात तिकिटांचे दर बदलताना क्लबांनी चाहत्यांशी चर्चा करावी, हे स्पष्टपणे आलं. खालच्या विभागात घसरणाऱ्या क्लबांना मिळणारे पैसेही नियामकाच्या विचाराच्या कक्षेत आले, जे प्रीमियर लीगला रुचणारं नव्हतं. २१ जुलै २०२५ ला तो कायदा झाला. पाहुणचाराने निर्णय विकत घेतला गेला असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही, आणि तसं मी म्हणत नाही.

हिवाळी पैशांचा निर्णयही सरकारने जून २०२५ मध्ये बराचसा फिरवला. वर्षाला ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या पेन्शनरांना ते पुन्हा मिळू लागले. पुढे ५ सप्टेंबर २०२५ ला अँजेला रेनर यांनी राजीनामा दिला. होव्हमधल्या फ्लॅटवर सुमारे ४० हजार पौंड मुद्रांक शुल्क कमी भरलं गेलं होतं. ते प्रकरण याच्याशी जोडलं जातं, पण माझ्या मते जोडू नये. तिथे कराचा ठरलेला दर होता आणि चूक मोजता येत होती, म्हणून शेवटही झटपट झाला. भेटींचं तसं नसतं. तिथे मोजायला मापच नाही, म्हणून ती भांडणं संपत नाहीत.

आर्सेनलच्या तिकिटांचंही तसंच झालं. नव्या नियामक मंडळाच्या अध्यक्षपदी डेव्हिड कोगन यांची निवड झाली. सांस्कृतिक मंत्री लिसा नँडी यांच्या २०२० च्या नेतृत्वाच्या मोहिमेला त्यांनी देणगी दिली होती आणि नँडींनी ती वेळेवर उघड केली नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये सार्वजनिक नियुक्त्यांच्या आयुक्तांनी त्यावर ठपका ठेवला आणि नँडींनी माफी मागितली. कोगन यांनी २०२० मध्ये स्टार्मर यांच्या मोहिमेलाही देणगी दिलेली होती. मग स्टार्मर यांनी आपल्या नीतिमत्ता सल्लागाराला पत्र लिहून कबूल केलं की या नेमणुकीला आपण संमती द्यायला नको होती. त्याच निमित्ताने उजेडात आलं की फुटबॉलच्या या कायद्याबाबतच्या निर्णयांपासून दूर राहायचं त्यांनी वर्षभर आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मान्य केलं होतं. म्हणजे फुटबॉलवर एवढा मोठा कायदा होत असताना सीझन तिकीटवाला पंतप्रधान त्या खोलीच्या बाहेर बसलेला होता. कारण क्लबांकडून घेतलेला पाहुणचार.